ठाण्याच्या खाडीसाठी मासेमारीची बोट: फायबर घ्यावी की ॲल्युमिनियम?

गळाने मासे धरायची आवड लागली, की दोन-तीन वर्षांत काठावरून मन भरेनासं होतं. मग रात्री जागून अमेरिकन बास बोटींचे व्हिडिओ पाहणं सुरू होतं. सपाट डेक, पुढे खुर्ची, चकचकीत रंग. माझंही तसंच झालं. मी ऐरोलीला राहतो. पहिली बोट घेतली ती बारा फुटी ॲल्युमिनियमची, जुनी. दोन पावसाळ्यांत तिच्या तळाला भोकं पडली. आता पंधरा फुटी फायबरची आहे. यातली एक बोट चांगली आणि दुसरी वाईट, असं मी सांगणार नाही. माझी पहिली बोट बनावटीला उत्तम होती, पण मी तिला चुकीच्या जागी ठेवलं. नव्याने बोट घेणाऱ्या कोणाचे पैसे तसे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

१. बोट ठेवणार कुठे, ते आधी ठरवा

दुसरी बोट घ्यायच्या आधी मी दिवा कोळीवाड्यातल्या एका जाणत्या काकांकडे सल्ल्याला गेलो होतो. लांबी, मशीन (म्हणजे मागे लटकवायचं इंजिन), रंग असं माझं बरंच बोलून झालं. त्यांनी एकच विचारलं, "ठेवणार कुठं?" तोवर मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

आपली बोट महिन्यातून चार-सहा वेळा पाण्यात जाते. बाकीचे सगळे दिवस ती कुठेतरी नुसती उभी असते, आणि फायबर की ॲल्युमिनियम हे त्या "कुठेतरी"वरच ठरतं. आपल्याकडे तीन शक्यता असतात.

पहिली, जेटीजवळ दोरीला बांधून. ओहोटीला बोट चिखलावर बसते, भरतीला तरंगते. भरती-ओहोटीचं एक चक्र साधारण साडेबारा तासांचं, म्हणजे दिवसातून दोनदा चिखल. बोट अशी राहणार असेल तर फायबरच घ्या. कारण पुढे येईलच.

दुसरी, काठावर वर ओढून, ताडपत्रीखाली. दोन्ही चालतील, फक्त ओढायला माणसं किती आहेत ते पाहा. बारा फुटी सपाट तळाची ॲल्युमिनियम बोट मशीन काढल्यावर साठ किलोच्या आसपास भरते, दोघांत उचलली जाते. चौदा-पंधरा फुटी फायबरची उघडी होडी दोनशे किलोच्या पुढे जाते. तिला चार माणसं आणि खाली लाकडी ओंडके लागतात.

तिसरी, घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. इथे आधी टेप घेऊन मोजा. गाडीची जागा बहुतेक ठिकाणी पाच मीटरच्या आसपास लांब असते. चौदा फुटांची बोट सव्वाचार मीटर, त्यात ट्रेलरची जोडदांडी धरली की ती बाहेर येते. बारा फुटांची पावणेचार मीटरच्या आत बसते. बोट घेण्याआधी कमिटीची लेखी परवानगी घ्या. तोंडी "चालेल हो" पुढच्या वार्षिक सभेपर्यंतच टिकतं. बोट घरी राहणार आणि दर वेळी गोड्या पाण्याने धुतली जाणार असेल, तर ॲल्युमिनियमला खरा अर्थ आहे.

२. बास बोट मुळात कुठल्या पाण्याची, ते समजून घ्या

व्हिडिओत दिसणारा लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मासा. तळी, संथ नद्या, धरणांचे जलाशय हे त्याचं घर. त्याच्यासाठी खास बोट बांधायची सुरुवात १९४८ साली लुइझियानात स्कीटर नावाच्या लाकडी बोटीपासून झाली असं मानतात. १९६८ मध्ये आर्कान्सातल्या रेंजरने फायबरच्या बास बोटी बांधायला घेतल्या. १९७८ मध्ये बास ट्रॅकर आली: ॲल्युमिनियमची बोट, मशीन आणि ट्रेलर एकाच किमतीत. सामान्य माणसाच्या खिशात बसणारी बास बोट तिथून रुळली. म्हणजे ॲल्युमिनियमचं तिथलं कौतुक गोड्या पाण्यातलं, ट्रेलरवरून रोज घरी जाणाऱ्या बोटीचं आहे.

आपल्याकडे त्या जागी आहे जिताडा. तोही दबा धरून बसणारा, ओंडक्याच्या, तिवरांच्या, पुलाच्या खांबांच्या आडोशाने राहणारा. म्हणून पुढे डेक, कमी आवाज, उथळ पाण्यात शिरता येणं, या बास बोटीतल्या गोष्टी आपल्यालाही हव्या असतात. पण आपलं पाणी खारं-मचूळ, गाळाचं आणि शहराचं सांडपाणी पोटात घेणारं आहे. तिथली शिफारस इथे जशीच्या तशी लावू नका.

आणखी एक. गोडं पाणी हवं म्हणून मोरबे, बारवी, तानसा, भातसा यांच्याकडे पाहू नका. ही पिण्याच्या पाण्याची धरणं आहेत, तिथे बोट घेऊन उतरण्याचा विषय मनातून काढा.

३. ॲल्युमिनियम: खाडीत ते का खातं

माझे सगळ्यात जास्त पैसे इथेच गेले, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो.

ॲल्युमिनियमला हवेत क्षणात ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळाला की थर पुन्हा धरतो. पण चिखलाखाली ऑक्सिजन नसतो. आपल्या खाडीतला तो काळा, कुजक्या अंड्यासारखा वास येणारा गाळ आठवा. त्या गाळात बोट बसली की ओरखड्यावर थर परत धरत नाही आणि मिठातलं क्लोराइड तिथे आत शिरतं. बाहेरून टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका दिसतो, आत खड्डा वाढत असतो. माझ्या बोटीला पहिल्या वर्षी असे सात-आठ ठिपके होते. मी घासून रंग मारला आणि विसरून गेलो. पुढच्या वर्षी तिथूनच पाणी आलं.

दुसरं कारण, वेगळ्या धातूंचा स्पर्श. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला तांबं, पितळ, शिसं किंवा स्टील चिकटून राहिलं, की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. नारळी पौर्णिमेला मी बोटीची पूजा केली होती. त्यातलं पाच रुपयांचं पितळी नाणं फळीखाली घरंगळलं. पुढच्या वर्षी फळी काढली तेव्हा नाणं पांढऱ्या भुकटीत रुतलेलं होतं आणि त्याखाली आरपार भोक. पूजा जरूर करा, नाणं मात्र आठवणीने उचला. गळाची शिशाची वजनंसुद्धा तळात पडू देऊ नका, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा.

तरीही ॲल्युमिनियम घ्यायचं असेल तर हे पाहा:

- पत्र्याचा ग्रेड बिलावर लिहून घ्या. तळासाठी ५०८३ किंवा ५०५२. हे समुद्री वापराचे ग्रेड आहेत. "चांगला पत्रा आहे" हे उत्तर धरू नका.
- रिव्हेटची नको, वेल्डिंगची घ्या. लाटांच्या मारात रिव्हेट सैल होतात आणि थेंब थेंब पाणी येऊ लागतं.
- नट-बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, आणि प्रत्येकाखाली नायलॉनचा वॉशर.
- झिंक किंवा ॲल्युमिनियमचे ॲनोड, म्हणजे तळाला लावायचे धातूचे तुकडे, लावून घ्या. बोटीऐवजी ते झिजतात. अर्धे झाले की बदला. त्यांच्यावर रंग मारायचा नाही, मारला तर ते काम करत नाहीत.
- शेवाळं-शिंपले धरू नयेत म्हणून मारतात त्या रंगांत बहुधा तांबं असतं. ॲल्युमिनियमवर तो चालत नाही. डब्यावरचा मजकूर वाचून तांबं नसलेलाच घ्या.
- तळाला प्लायवूड बसवायचं असेल तर किडीसाठी तांब्याचं औषध मारलेलं नको. कार्पेटही नको, ते खारं पाणी धरून ठेवतं.
- बॅटरीची निगेटिव्ह वायर बोटीच्या पत्र्याला जोडू देऊ नका. गाडीचे इलेक्ट्रिशियन सवयीने तसं करतात.

ॲल्युमिनियमचा दुसरा त्रास आवाजाचा. पकड हातातून निसटली की ढोलावर टिपरी पडल्यासारखं होतं, आणि खांबाशी टेकलेला जिताडा निघून जातो. जाड रबरी किंवा फोमची चटई टाका. एप्रिल-मेमध्ये तीच चटई पायही वाचवते, कारण दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. हलकी बोट वाऱ्यालाही लवकर वाहते. दुपारनंतर खाडीत पश्चिमेचा वारा वाढतो, तेव्हा एका जागी उभं राहून गळ टाकणं कठीण होतं.

गुणही सांगायला हवेत. दगडावर आपटली तर पोचा पडतो, सहसा फुटत नाही. लहान मशीनवर चालते, पेट्रोल कमी लागतं, एकट्या माणसाला झेपते. वीतभर पाण्यात तिवरांच्या कडेने जायला मला अजूनही तीच आठवते.

४. फायबर: साच्यातून निघताना काय पाहायचं

फायबरची बोट म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन (वाळून घट्ट होणारा चिकट द्रव) यांचे एकावर एक थर, बाहेरून जेलकोट, म्हणजे गुळगुळीत रंगीत थर. ती गंजत नाही, चिखलाचं तिला फारसं वाटत नाही. वजनामुळे छोट्या लाटा कापत जाते आणि वाऱ्यात तुलनेने स्थिर राहते. दुरुस्तीला माणूस जवळ मिळतो, हा तिचा मोठा गुण. आपल्या बहुतेक कोळीवाड्यांत आता फायबरच्या होड्या आहेत, त्यामुळे मॅट, रेझिन, हार्डनर, ग्राइंडर घेऊन येणारा कोणीतरी असतोच. ॲल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागतं. तो माणूस रबाळे, महापे, तुर्भ्याच्या एमआयडीसीत मिळतो, पण बोट त्याच्याकडे न्यावी लागते.

मात्र दोन फायबर बोटी बाहेरून सारख्या दिसल्या तरी आत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. बांधणाऱ्याला हे विचारा:

- रेझिन कोणतं? स्वस्त ते जीपी, म्हणजे साध्या कामाचं. निदान बाहेरच्या थरांना आयसो रेझिन मागा, पाण्यात बांधून ठेवायच्या बोटीला ते जास्त टिकतं. व्हिनिलएस्टर मिळालं तर उत्तमच.
- मॅटचे आणि रोव्हिंगचे (विणलेल्या काचेच्या कापडाचे) थर किती, तळाला किती, बाजूला किती? आकडा कागदावर घ्या.
- मशीन लटकते त्या मागच्या फळ्यात, म्हणजे ट्रान्सममध्ये, आत काय आहे? लाकूड असेल तर ते सगळ्या बाजूंनी रेझिनमध्ये बंद केलं आहे ना?
- डेकखाली फोम भरलेला बंद कप्पा आहे का? बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहायला तो लागतो.

एक साधी युक्ती आहे. बुचाचं, म्हणजे आतलं पाणी काढून टाकायचं, भोक पाडताना निघालेली चकती फेकू देऊ नका, मागून घ्या. तिच्या कडेला जाडी आणि थर डोळ्यांनी दिसतात. चकती द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी बोट घेणार नाही.

ऐन पावसात फायबरची बोट बांधायला देऊ नका. दमट हवेत रेझिन नीट धरत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो. मागणी दिवाळीनंतर द्या, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये वापरायला मिळते.

बोट ताब्यात आल्यावर सगळ्यात घातक सवय म्हणजे मन मानेल तिथे स्क्रू मारणं. रॉड होल्डरसाठी, फिश फाइंडरसाठी प्रत्येक भोकातून पाणी आतल्या लाकडात जातं. भोक थोडं मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यात बारीक भोक पाडून मग स्क्रू लावा. कालवं चिकटलेल्या खडकावर किंवा जेटीच्या पायऱ्यांवर बोट घासली तर जेलकोट सुरीने कापल्यासारखा निघतो. तो ओरखडा महिनाभर तसाच ठेवू नका, पाणी आत मुरतं आणि फोड येतात.

५. तळाचा आकार

सपाट तळ उथळ पाण्यात शिरतो, उभं राहिलं तरी डुलत नाही, पण लाटेवर आपटतो. व्ही आकाराचा तळ लाट कापतो, त्याला पाणी मात्र जास्त लागतं. ऐरोलीच्या वर, खाडी अरुंद होते तिथे फिरणार असाल तर सपाट चालेल. वाशी पुलाच्या खाली, बेलापूरच्या बाजूला जाणार असाल तर पुढे व्ही आणि मागे जवळजवळ सपाट, असा मधला आकार घ्या. खोल व्ही आपल्याला लागत नाही.

६. जुनी बोट तपासताना

सकाळच्या उजेडात जा, आणि बोट कोरडी असताना पाहा. धुऊन ओली ठेवलेली बोट दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायला मागा, पाण्याने ठिपके आणि चिरा झाकल्या जातात.

फायबर असेल तर रुपयाचं नाणं घेऊन सगळा तळ आणि ट्रान्सम टकटक करत जा. टणक आवाज यायला हवा. जिथे बद्द आवाज येतो तिथे थर सुटलेत किंवा लाकूड कुजलंय. मशीन लावलेलं असेल तर त्याचं खालचं टोक धरून वर-खाली दाबा. ट्रान्सम हलताना दिसला, किंवा कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असल्या, तर परत या.

ॲल्युमिनियम असेल तर आतल्या फळ्या काढायला लावा. मी काढल्या नव्हत्या. मालकाने "कशाला, सगळं ठीक आहे" म्हटलं आणि मला विचारायला संकोच वाटला. फळीखालीच सगळं असतं. पांढरी भुकटी दिसली तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. मग बोट जमिनीवर, खालून भक्कम आधार देऊन, आत चार बोटं पाणी भरा आणि बाहेरून कुठे झिरपतंय ते बघत अर्धा तास बसा. जास्त पाणी भरू नका, एक लिटर म्हणजे एक किलो, तळ वाकेल.

७. मशीन

थोडक्यात सांगतो. बोट किती ताकदीचं आणि किती वजनाचं मशीन पेलेल, हे बांधणाऱ्याकडून लिहून घ्या. बारा फुटी ॲल्युमिनियमला ९.९ हॉर्सपॉवर पुष्कळ झालं. ट्रान्समची उंची मोजून शाफ्ट (मशीनचा पाण्यात जाणारा दांडा) घ्या: पंधरा इंचाला शॉर्ट, वीस इंचाला लाँग. चालू मशीनमधून पडणारी पाण्याची धार सतत पाहत राहा. गाळाने ती बंद झाली की लगेच मशीन बंद करा. घरी आल्यावर गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवा.

८. कागदपत्रं

पैसे देण्याआधी चौकशी करा, नंतर नाही. मासे विकण्यासाठी बोट घेत असाल तर मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदणी आणि मासेमारीचा परवाना, हौसेसाठी असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत, आणि आपली कोणती हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. ही फाइल तयार ठेवा:

- बोटीचं बिल आणि बांधणाऱ्याचं प्रमाणपत्र, त्यावर लांबी, रुंदी, खोली, साहित्य आणि वर्ष
- मशीनचं बिल, त्यावर सिरियल नंबर
- जुनी बोट असेल तर आधीच्या मालकाचे नोंदणीचे कागद आणि विक्रीचा करार
- आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा
- बोटीचे चारही बाजूंनी फोटो
- विम्याची पॉलिसी
- ट्रेलर असेल तर त्याचे आरटीओचे कागद

नोंदणीचे कागद नसलेली जुनी बोट कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. यांत्रिक नौकांना सागरी मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते, तो माशांच्या विणीचा काळ. आणि ऐरोली व वाशी पुलांच्या मधला पश्चिम काठ २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात आहे. २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. तिथले नियम वनविभागाकडून समजून घ्या आणि चिखलावर चरणाऱ्या थव्यांपासून लांब राहा. त्या पक्ष्यांच्या मध्ये मशीन घालून फोटो काढणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

९. पहिली फेरी

उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जाऊ नका, पाण्याला ओढ फार असते. अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी ओढीची भरती-ओहोटी, निवडा. भरती चढू लागल्यावर निघा. चढत्या पाण्यात चिखलात रुतलात तर अर्ध्या तासात पाणीच तुम्हाला उचलतं. ओहोटीत रुतलात तर पुढचे सहा-सात तास उन्हात तिथेच, आणि उतरून चालत जायचा प्रयत्न तर अजिबात करू नका, त्या गाळात माणूस कमरेपर्यंत जातो.

सोबत प्रत्येकाला लाइफ जॅकेट, अंगात घातलेलं. दोन वल्ही, पाणी उपसायला डबा, नांगर आणि दोरी, शिट्टी, टॉर्च, पिण्याचं पाणी, जास्तीचं बूच. पहिल्या दिवशी गळ घरी ठेवा, फक्त बोट ओळखा. पुलाच्या खांबांजवळ पाणी कसं फिरतं ते लांबूनच बघा. जमलं तर एखाद्या स्थानिक कोळी दादांना बरोबर घ्या आणि त्यांच्या दिवसाचे पैसे न मागता द्या. चिखल कुठे चढलाय, कुठे मोडक्या खुंटांची रांग पाण्याखाली आहे, हे नकाशात मिळत नाही.

परत आल्यावर बोट उतारावर लावा, बूच काढा आणि आलेलं पाणी बादलीत धरून मोजा. तारीख टाकून वहीत लिहा. पहिल्या पाच फेऱ्यांपर्यंत हे करत राहा. थोडं पाणी येणारच, हातापायाचं, लाटांचं. पण दर फेरीला आकडा वाढत असेल, तर सहाव्या फेरीला जाऊ नका. बोट बाहेर काढून उलटी करा आणि तळ पाहा.